नव्या प्रकाशकाने ग्रंथप्रदर्शनात गाळा घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमची प्रकाशन संस्था नवी आहे. आजवर १४ पुस्तकं काढली. त्यांतली ६ शेती आणि पर्यावरणावरची, ४ कुमारांसाठीची, बाकी कथा आणि ललित. यंदा साहित्य संमेलनात गाळा घ्यावा, पुणे पुस्तक महोत्सवात घ्यावा, की जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाला, म्हणजे शासनाच्या जिल्हा पातळीवरच्या पुस्तक प्रदर्शनाला, जावं? खर्च निघतो का? आणि ग्रंथालयांपर्यंत पोचायचं कसं?

मी प्रकाशन व्यवसायात विक्रीची बाजू सांभाळते. गाळे लावणं, गठ्ठे बांधणं, बिलं फाडणं आणि महिनोन् महिने उधारी वसूल करणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून उत्तर थेट देते. १४ पुस्तकांवर संमेलनात स्वतंत्र गाळा घेऊ नका. ग्रंथोत्सवाला आणि जिल्हा ग्रंथालय संघाच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या संघटनेच्या, अधिवेशनाला मात्र जाच. तुमच्याकडे ज्या विषयांची पुस्तकं आहेत त्यांचं गिऱ्हाईक तिथे येतं, आणि ते एकदा जोडलं की पुढची कित्येक वर्षं टिकतं.

आधी हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे तुम्ही घालून बघा. समजा पुस्तकाची सरासरी किंमत २५० रुपये. प्रदर्शनात २० टक्के सवलत दिली की हातात २०० येतात. छपाई-बांधणीचे ७० गेले, लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे २५ गेली. राहिले १०५. आता खर्च. गाळ्याचं भाडं ७,००० धरलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,२६०. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे भाड्यावर भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही, तो सरळ खर्चात धरायचा. नवे प्रकाशक हा आकडा हमखास विसरतात. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं ९,०००. दोन माणसांचं चार दिवसांचं राहणं, जेवण, प्रवास १४,०००. फलक, सूची, पिशव्या, किरकोळ ४,०००. एकूण ३५,२६०. याला १०५ ने भागा. ३३६ पुस्तकं विकली गेली की तुम्ही बरोबरीत. तीन दिवसांच्या संमेलनात हे दिवसाला ११२ होतात. १४ पुस्तकांची संस्था असेल तर प्रत्येक पुस्तकाच्या २४ प्रती जायला हव्यात, आणि तेही सगळ्या पुस्तकांच्या. तसं कधीच होत नाही. दोन पुस्तकं चालतात, चार रेंगाळतात, उरलेली जशी गेली तशी परत येतात.

तरीही गाळा घेण्याचा मोह का होतो, तेही याच हिशेबात दिसतं. वितरकाला ५० टक्क्यांवर पुस्तक दिलं तर हातात १२५ येतात, त्यातून छपाई आणि रॉयल्टीचे ९५ वजा जाता ३० उरतात, आणि तेही तो पैसे देईल तेव्हा. गाळ्यावर १०५ रोख. हा फरक खरा आहे. पण तो पदरात पडायला गाळा भरलेला दिसावा लागतो. साधारण गाळा १० बाय १० फुटांचा असतो, तीन बाजूंना टेबलं. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद टेबलावर डेमी आकाराची (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांची) पुस्तकं पालथी न घालता, मुखपृष्ठ वर करून मांडली तर एका ओळीत १२, अशा तीन ओळी, म्हणजे ३६ थप्प्या बसतात. तुमच्या १४ पुस्तकांच्या दोन-दोन थप्प्या लावल्या तरी एका टेबलात सगळं संपलं. बाकीची दोन टेबलं रिकामी. रिकाम्या टेबलाकडे वाचक वळत नाही, तो पुढच्या गाळ्यात जातो. म्हणून तुमच्यासारख्या दोन-तीन संस्थांनी मिळून एक गाळा घ्यावा. नोंदणी एकाच्या नावावर होते, काही ठिकाणी पोटभाडेकरू चालत नाहीत, त्यामुळे आयोजकांना आधी विचारून घ्या आणि अर्जातच सगळ्या संस्थांची नावं लिहा. विषय एकमेकांना पूरक निवडा. तुमची शेती, दुसऱ्याचं आरोग्य, तिसऱ्याचं बालसाहित्य असा गाळा छान चालतो. तिघांचंही ललित असेल तर तिघेही एकमेकांच्या अंगावर पडतात.

आता कुठे कोण येतं ते बघू, कारण सगळा खेळ त्यावर आहे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला वाचक येतो, लेखक येतो, आणि कार्यक्रमाला म्हणून आलेलं गाव येतं. तीन दिवसांची लय ठरलेली आहे. पहिल्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी, शाळेची मुलं रांगेने गाळ्यांमधून फिरतात, त्यांच्या हातात दहा-वीस रुपये असतात. उद्घाटनाची भाषणं सुरू झाली की गाळे ओस पडतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गर्दी धरते. तिसऱ्या दिवशी, विशेषतः रविवार असेल तर, दुपारी तीन ते रात्री आठ या वेळेत निम्म्याहून जास्त विक्री होते. त्याच वेळी मंडपात खुलं अधिवेशन आणि समारोप चाललेला असतो आणि ज्यांना ठरावांत रस नाही ते सगळे पुस्तकांकडे येतात. या पाच तासांसाठी माणूस ताजा ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी सातपासून उभी असलेली मुलगी रविवारी संध्याकाळी बिल लिहिताना किंमत चुकते, सवलत चुकते, आणि गिऱ्हाईक समोर ताटकळतं.

गाव बदलतं तसं पुस्तक बदलतं. २०२३ चं ९६ वं संमेलन वर्ध्याला होतं, तिथे सेवाग्राम आणि पवनार जवळ असल्यामुळे गांधी-विनोबांशी जोडलेलं पुस्तक मागं ठेवून चालणारच नव्हतं. २०२४ ला अमळनेरला जाताना साने गुरुजी त्या गावात शिक्षक होते हे लक्षात ठेवून पेट्या भरायच्या. २०२२ ला उदगीरचं संमेलन एप्रिलमध्ये भरलं. मराठवाड्यातला एप्रिल म्हणजे दुपारी बाराला माणूस बाहेर पडत नाही, सगळा व्यवहार संध्याकाळी. तुमच्या शेतीच्या पुस्तकांना अशा गावांत मागणी आहे, पण कोणत्या पिकाचं पुस्तक कुठे न्यायचं याचा विचार हवा. केळीचं पुस्तक खानदेशात, सोयाबीनचं लातूर-उदगीरकडे, द्राक्षाचं नाशिक-सांगलीकडे. सरसकट सगळं सगळीकडे नेणारे प्रकाशक टेम्पोवाल्याला श्रीमंत करतात.

महाराष्ट्राबाहेरच्या संमेलनांचा वेगळा विचार करावा लागतो. २०१५ चं संमेलन पंजाबात घुमानला ठरलं तेव्हा प्रकाशकांनी बहिष्काराची भूमिका घेतली होती. संत नामदेवांमुळे त्या गावाचं मोल मोठंच आहे, पण एवढ्या लांब पुस्तकं नेऊन ती घेणार कोण, हा प्रकाशकांचा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर झालं, १९५४ नंतर पहिल्यांदाच राजधानीत. दिल्लीत मराठी माणूस आहे, महाराष्ट्रातूनही लोक गेले. पण छोट्या प्रकाशकाने अशा ठिकाणी गाळा घेताना विक्री सोडून दुसरं काही काम असेल तरच जावं, म्हणजे हिंदी प्रकाशकाशी अनुवादाचं बोलणं, एखादा ठरलेला करार. निव्वळ गल्ल्यावर विसंबून एवढ्या लांब माल नेऊ नये.

पुणे पुस्तक महोत्सव राष्ट्रीय पुस्तक न्यासाने डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर सुरू केला. तो नऊ दिवस चालतो, मध्ये दोन शनिवार-रविवार येतात, आणि गर्दी तरुण असते. ही मंडळी मोबाइलवर एखाद्या पुस्तकाबद्दल ऐकून येतात आणि नाव सांगून मागतात. अनोळखी संस्थेच्या टेबलापाशी थांबायला त्यांना कारण लागतं: लेखक हजर असणं, चांगलं मुखपृष्ठ, किंवा विषयाचा ठळक फलक. नऊ दिवस दोन माणसं अडकवून ठेवणं छोट्या संस्थेला जड जातं. तिथे मी तुम्हाला पहिल्या वर्षी एखाद्या विक्रेत्याच्या गाळ्यावर पुस्तकं ठेवायला सुचवीन. ४० ते ५० टक्के कमिशन जाईल, विकलं तेवढ्याचे पैसे, उरलेलं परत. देताना प्रत्येक पुस्तकाच्या प्रती मोजून चलनावर (माल दिल्याच्या पावतीवर) सही घ्या आणि महोत्सव संपल्यावर आठवडाभरात हिशेब पुरा करा. महिना उलटला की कोणालाच काही आठवत नाही.

आता ग्रंथोत्सव आणि ग्रंथालय संघांची अधिवेशनं. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण नवे प्रकाशक नेमकी हीच जागा सोडतात. गर्दी कमी, मंडप साधा, गाळ्याचा खर्च संमेलनाच्या मानाने किरकोळ. वर्तमानपत्रात फोटो येत नाही. दिवसाचा गल्ला बघितला तर निराशा होते. पण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ पासून राज्यात अनुदानित वाचनालयांचं जे जाळं उभं राहिलं, ते आज अकरा हजारांच्या आसपास आहे. ही वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि त्यांच्याकडे दरवर्षी पुस्तकखरेदीला ठरावीक रक्कम असते. रक्कम मोठी नसते. पण ती पुस्तकांवरच खर्च करावी लागते, आणि तपासणीत दाखवावी लागते. ज्याला पुस्तक घ्यावंच लागतं असं दुसरं गिऱ्हाईक मराठीत कुठे आहे?

ग्रंथपाल पुस्तक कसं बघतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. तो मुखपृष्ठावर रेंगाळत नाही. पुस्तक हातात घेऊन आधी मलपृष्ठावर किंमत बघतो. मग पहिली पानं उलटून आवृत्ती आणि साल बघतो, कारण जुन्या सालाचं पुस्तक नवीन म्हणून घेतलं तर कार्यकारी मंडळात कोणीतरी विचारतं. मग पुस्तक मधोमध उघडून दोन्ही हातांनी जरा दाबतो. कणा कटकन वाजला, की ते फक्त गमाने चिकटवलेलं आहे हे त्याला कळतं. वाचनालयात वीस वाचकांच्या हातांतून गेल्यावर त्याची पानं सुटणार आणि वाचक त्यालाच बोलणार. शिवण घातलेली बांधणी असेल तर तो काही न बोलता पुस्तक बाजूला काढतो. मग अक्षराचा आकार. गावच्या वाचनालयात नियमित येणारे सभासद बरेचदा साठीपुढचे असतात, बारीक टाइपातली कादंबरी ते परत आणून देतात. सगळ्यात शेवटी खिशातली वही निघते. त्यात सभासदांनी मागितलेली नावं असतात आणि आधीच घेतलेली, दाखल नोंदवहीत चढलेली पुस्तकंही, दुबार खरेदी होऊ नये म्हणून. या सगळ्यात पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांत त्याच्याशी विक्रेत्यासारखं बोलू नका. "तुमच्याकडे कसली मागणी आहे?" एवढं विचारा आणि ऐका. शेतीवरचं पुस्तक कोण मागतं, मुलं येतात की नाही, दिवाळी अंक किती फिरतात, हे तो मनापासून सांगतो. पुढचं पुस्तक कोणतं काढावं हे मला अशा बोलण्यांतून जितकं कळलं तितकं दुसरीकडे कुठेच कळलेलं नाही.

त्याच्या अडचणी समजून घ्या. बहुतेक वेळा तो जागेवर पैसे देऊ शकत नाही. खरेदीला मंडळाची किंवा ग्रंथनिवड समितीची मंजुरी लागते, पैसे धनादेशाने किंवा बँकेतून जातात, आणि अनुदानाचा हप्ता कधी जमा होईल हे त्याच्या हातात नसतं. हप्ता उशिरा आला की मार्चअखेर एकदम धावपळ होते आणि त्या आर्थिक वर्षातल्या तारखेचं बिल हवं असतं. म्हणून प्रदर्शनात त्याने निवडलेल्या पुस्तकांची यादी लगेच त्याच्यासमोर लिहा, एक प्रत त्याला द्या, एक आपल्याकडे ठेवा. बिल पक्कं हवं: वाचनालयाचं पूर्ण नाव आणि गाव, प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, छापील किंमत, सवलत, निव्वळ रक्कम. "पुस्तके, एकूण ४,३६०" असं लिहिलेलं बिल लेखापरीक्षणात चालत नाही आणि ग्रंथपाल पुन्हा तुमच्या दारात येत नाही.

सवलतीबद्दल एक ठाम मत आहे. सगळ्या वाचनालयांना एकच दर द्या आणि तो सूचीवर छापा. आम्ही २५ टक्के देतो, त्यापुढे जात नाही. काही पुरवठादार ४०-५० टक्के सवलत दाखवून फुगवलेल्या किमतीची, कुठलीही पुस्तकं वाचनालयांच्या माथी मारतात. कपाटं भरतात, वाचक फिरकत नाही. हे मी अनेक गावांत पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्या पैशात चांगली पुस्तकं आली असती. तुम्ही त्या स्पर्धेत उतरलात तर तुम्हालाही किंमत फुगवावी लागेल, आणि मग दुकानातला साधा वाचक ते पुस्तक घेणार नाही.

सूची म्हणजे चकचकीत पुस्तिका नव्हे. ए-४ आकाराची दोन किंवा चार पानं. विषयवार. प्रत्येक ओळीत पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, आवृत्तीचं साल, आयएसबीएन, किंमत, आणि शेवटी "प्रती" असा रिकामा रकाना. ग्रंथपाल त्याच कागदावर आकडे भरतो, तळाला वाचनालयाचा शिक्का मारतो आणि तीच मागणी होते. पुस्तक शासनमान्य ग्रंथांच्या यादीत असेल तर तिथे खूण करा. ग्रंथालय संचालनालयाकडे त्या यादीसाठी पुस्तकं वेळेत पाठवणं हे प्रदर्शनाइतकंच महत्त्वाचं काम आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या अर्थसाह्यातूनही राज्यात पुस्तकखरेदी होते. त्यात निवड झाली तर एकदम मोठी मागणी येते, पण तिच्या भरवशावर आवृत्ती छापू नका.

आणि प्रदर्शन संपल्यावर खरं काम सुरू होतं. एक वही करा. वाचनालयाचं नाव, तालुका, वर्ग, खरेदीचा निर्णय कोण घेतो, हप्ता साधारण कधी येतो, काय आवडलं, काय मागितलं. आठ-दहा दिवसांनी फोन करा. "सर, त्या दिवशी तुम्ही कुमारांची चार पुस्तकं बाजूला काढली होती, पाठवू का?" एवढंच. पाचांतले दोन "पाठवा" म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच जिल्ह्यात गेलात की तेच ग्रंथपाल शेजारच्या गावच्या ग्रंथपालाला हाताला धरून तुमच्या टेबलापाशी आणतात. गाळ्याचा खर्च निघाला की नाही हे मी म्हणूनच प्रदर्शनाच्या रात्री ठरवत नाही, ३१ मार्चला ठरवते.

आता गाळ्यावरच्या काही गोष्टी. नवीन संस्थेचं नाव कोणाला माहीत नसतं, त्यामुळे वरच्या मोठ्या फलकावर संस्थेचं नाव छोटं आणि विषय मोठे लिहा: शेती, पर्यावरण, मुलांसाठी. टेबलामागे खुर्ची टाकून बसू नका, बाहेर उभं राहा. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत उघडी, हाताळायला, बाकीच्या प्लॅस्टिकमध्ये. मैदानावरची धूळ तीन दिवसांत पांढरं मुखपृष्ठ तपकिरी करते. डागाळलेल्या प्रती वेगळ्या काढून शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीत द्या, पण त्यावर तसं स्पष्ट लिहा.

लेखकाला बोलवायचं असेल तर नेमकी वेळ द्या आणि ती दोन दिवस आधी गावात कळवा. "लेखक उपस्थित राहतील" असं मोघम लिहिलं की लेखक दिवसभर बसून राहतो आणि वाचक तो गेल्यावर येतो. शेतीचं पुस्तक लिहिणारा स्वतः शेतकरी असेल तर त्याला सही करायला बसवू नका, टेबलाच्या कोपऱ्यावर उभं करा. लोक त्याला फवारणीचं विचारतात, मग पुस्तक घेतात.

पैशांचं म्हणाल तर आता बहुतेक लोक क्यूआर कोडवर देतात. पण संमेलनात संध्याकाळी गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क बसतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले फोन ठेवा, पैसे जमा झाल्याचा आवाज देणाऱ्या यंत्रावर विसंबू नका, आणि सुट्ट्या पैशांची डबी सकाळीच भरा. २४०, १६० अशा किमतींपेक्षा सवलत देऊन २००, १५०, १०० अशा सपाट रकमा येतील अशा बेताने किमती ठेवल्या की रांग झपाट्याने सरकते. चार पुस्तकांचा संच करून त्याला एक गोल किंमत ठेवा. कुमारांची तुमची चार पुस्तकं संचातच विकली जातील, कारण आजी-आजोबा नातवंडांसाठी घेताना एक पुस्तक घेत नाहीत.

माल नेण्याबद्दल. दोनशे पानांचं डेमी पुस्तक पाव किलोच्या आसपास भरतं. एका खोक्यात ४० पेक्षा जास्त घालू नका, १० किलोच्या पुढचं खोकं उचलणारा माणूस ते आपटतो आणि कोपरे मोडतात. प्रत्येक खोक्यावर बाहेरून आतल्या पुस्तकांची यादी चिकटवा. छापील पुस्तकांना ई-वे बिल (जीएसटीखाली माल वाहतुकीसाठी काढायचं ऑनलाइन बिल) लागत नाही, तरी माल कुठून कुठे चालला आहे याचं चलन गाडीत ठेवा, वाटेत कोणी अडवलं तर चालक तेच दाखवतो. खोकी जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. अवकाळी पाऊस मंडपात वरून कमी, खालून जास्त येतो. रात्री गाळ्याला दार नसतं, ताडपत्री बांधून एका माणसाने तिथे किंवा शेजारच्या गाळेवाल्यांशी पाळी लावून थांबावं. विजेच्या तारा पुस्तकांवरून जात असतील तर मंडपवाल्याकडून हलवून घ्या, लाजू नका. १९९७ साली कोलकात्याच्या पुस्तकमेळ्याला आग लागून मैदानाचा मोठा भाग जळाला होता. कागद, कापड आणि बांबू एकत्र आले की काही मिनिटांत सगळं जातं. मालाचा विमा काढताना तो गोदामाबाहेर, प्रदर्शनाच्या जागी आणि वाहतुकीतही लागू आहे का हे विचारून घ्या.

दिल्लीचा जागतिक पुस्तकमेळा, फ्रँकफर्ट वगैरेंबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दोन-तीन वर्षांत कोणीतरी तुम्हाला चला म्हणेल, म्हणून थोडं सांगते. दिल्लीचा मेळा १९७२ पासून भरतो, तिथे मराठी पुस्तकाची किरकोळ विक्री फारशी होत नाही. पण भारतीय भाषांतले प्रकाशक एका छताखाली भेटतात आणि अनुवादाच्या हक्कांची बोलणी करायला तिथे वेगळी सोय असते. फ्रँकफर्टचा मेळा तर मुळात हक्कांच्या खरेदी-विक्रीचाच बाजार आहे. या ठिकाणी जायला गाळा लागत नाही. तुमच्या उत्तम पुस्तकांपैकी दोन पुस्तकांच्या प्रत्येकी वीस पानांचा चांगला हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद आणि एका पानाचा परिचय, एवढं घेऊन आधी वेळ ठरवून जावं लागतं. हक्क आपल्याकडे आहेत का हे लेखकाशी केलेल्या करारात आधी तपासा. अनेक मराठी करारांत अनुवादाच्या हक्कांचा उल्लेखच नसतो. तुमची कुमारांची पुस्तकं सचित्र असतील तर चित्रकाराशीही लेखी करार हवा.

तर यंदा तुम्ही असं करावं असं मला वाटतं. तुमच्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांचा ग्रंथोत्सव घ्या. तारखा जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळतात, स्वतः जाऊन भेटा, त्यांना सूची द्या. जिल्हा ग्रंथालय संघाच्या वार्षिक अधिवेशनाला टेबल मागा, आणि जमलं तर महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघाच्या अधिवेशनालाही. शेतीच्या सहा पुस्तकांसाठी कृषी प्रदर्शनांत एक टेबल घेऊन बघा. तिथे शेजारी ठिबकचे पाइप आणि बियाण्यांची पाकिटं असतील, पण पुस्तकांचं दुसरं दुकान नसेल. संमेलनाला दोन संस्थांबरोबर मिळून जा. त्यासाठी जोडीदार आत्ताच शोधा, कारण गाळ्यांची नोंदणी सुरू झाली की चांगल्या जागा पटकन जातात, सोडत असली तरी अर्ज आधी लागतो. अर्ज करताना मुख्य मंडपापासून ग्रंथदालन किती लांब आहे, गाडी कुठवर येते, रात्रीचा पहारा आहे का, आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे लेखी विचारा. गाळ्यावर बहुधा मुली उभ्या असतात आणि बारा-बारा तास उभ्या असतात. मागच्या वर्षी त्याच आयोजकांकडे गाळा घेतलेल्या एखाद्या प्रकाशकाला फोन करा. आयोजक समारोपात कोटींच्या उलाढालीचे आकडे सांगतात, पण प्रकाशक तुम्हाला परत किती खोकी आणली ते सांगेल.